शिंक्यावरची सांदणं

अझैबा, मस्कत
९ ऑक्टोबर १९९८

सफूराबाई,

सलाम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही ते बाजूला टाकणार, हे मी धरूनच चालले आहे. टाका, पण चुलीत नको.

मागच्या मे महिन्यात रत्नागिरीला तुमच्या ओटीवरून उठले तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझ्या पुस्तकांवर काय हवं ते लिहा. पण आपाची कबर शोधायला जाऊ नका. गेलात तर हे दार तुम्हाला बंद." मी मान हलवली. तुम्ही ती होकाराची समजलात. मी नक्की कशासाठी हलवली होती, ते माझं मलाही तेव्हा ठरवता आलं नव्हतं.

तर मी ओमानला आले आहे. रमणला, म्हणजे आमच्या ह्यांना, इथे एका कंपनीत एसी दुरुस्तीच्या विभागात सुपरवायझरची जागा मिळाली. कॉलेजात इतिहास शिकवायचं सोडून मी बिनपगारी रजा घेतली. सगळ्यांना सांगितलं, नवऱ्याच्या नोकरीपायी आले. खरं तर पुण्यात त्याचं उत्तम चाललं होतं. ती जाहिरात मीच पेपरातून कापून त्याच्या जेवणाच्या डब्यात पोळीवर ठेवली होती.

अझैबात आमचं घर विमानतळाजवळ आहे. दिवसभर डोक्यावरून विमानं जातात आणि मी ह्या खोलीतून त्या खोलीत फिरते. रमण म्हणतो, "तू पिंजऱ्यातल्या वाघिणीसारखी करतेस." काय करू, इथून निझवा दोन तासांवर आहे आणि तुमचं दुकान निझवाच्या पुढे. तुमची पाचही पुस्तकं टेबलावर उघडी आहेत. रत्नागिरीचे हसनमियाँ, तुमचे अब्बा, वाळवंटाच्या तोंडाशी दुकान मांडतात, बायको आणि दोन मुली सोबत. पुढे नुसती वाळू. मी कराडसारख्या ठिकाणी वाढलेली मुलगी, वाळू पाहिली ती कृष्णेच्या पात्रातली. पण ते दुकान मला आमच्या घरापेक्षा जास्त पाठ होतं. चौथ्या पुस्तकात आपा, तुमची मोठी बहीण, तापाने गेली तेव्हा मी जेवायची थांबले होते आणि आईने पुस्तक लपवून ठेवलं होतं.

अर्ध्या महाराष्ट्राच्या पोरांनी जिच्यासाठी आसवं गाळली, तिच्या कबरीवर कोणी फूलही ठेवलेलं नाही. मी ठेवणार आहे. माझं पुस्तक पुण्यात प्रकाशकाकडे तयार आहे, फक्त त्या कबरीचा फोटो हवा आहे. हे शेवटचं वाक्य खोडणार होते, मग म्हटलं राहू दे.

तुमच्या दाराबाहेर उभी असलेली,
सुगंधा पाटणकर


निझवा
१८ डिसेंबर १९९८

सफूराबाई,

हे पत्र मी एका मसाल्याच्या दुकानात, लवंगांच्या पोत्यावर बसून लिहिते आहे. अक्षर सांभाळून घ्या.

सकाळी पुस्तकांवरून काढलेला नकाशा घेऊन रमणसकट निघाले. तुम्ही फसवलेलं नाही. डोंगराची ती उंटाच्या मानेसारखी खिंड आहे. फलज, तो दगडी पाट, अजून वाहतो, आणि आपा तुम्हाला जिथे पाय धुवायला लावायची तिथे एक म्हातारा पाय धूत होता. शेवटचं दुकानही आहे. तिथे आता पंक्चर काढतात. मागची मातीची भिंत तेवढी जुनी. मी तिला हात लावून उभी राहिले तेव्हा पंक्चरवाल्याने रमणला विचारलं, बाईंना चक्कर आली का.

कबर मात्र नाही. गावाच्या कबरस्तानात विचारलं, मागे वाळूत पाहिलं. नाही.

म्हणून निझवाच्या सूकमध्ये, बाजारात, परत आले. इथे गुलजारभाई म्हणून राजापूरकडचे गृहस्थ तीस वर्षं मसाले विकतात. मी म्हटलं, "हसनमियाँ सोलकरांच्या मोठ्या मुलीची कबर कुठे असेल?"

त्यांनी हळद तोलायची थांबवली. "कबर? कुणाची, बिंत हसनची, हसनच्या पोरीची?"

"आमिना नाव होतं."

"तीच ती. बाई, तिला कशाला कबरीत घालता? इथूनच वेलची न्यायची आणि पोत्यात हात घालून अख्खी पारखायची. मुलाला बंदरावर नोकरी लागली तशी तो घेऊन गेला तिला सलालाहला. हज करून आली परवा."

रमणने मला धरून ह्या पोत्यावर बसवलं.

सफूराबाई, मला तुमचा राग आलाय. नुसता राग नाही, अपमान वाटतोय. सबंध उमेदीचा काळ मी तुमचा शब्द न शब्द खरा करून दाखवण्यात घालवला. परिसंवादांत भांडले. लोक म्हणायचे, बालसाहित्य आहे, त्याला कसला पुरावा. मी म्हणायचे, ह्या बाईने एक विहीरसुद्धा खोटी लिहिलेली नाही. विहीर खरी निघाली. माणूस खोटं निघालं.

तुमची बहीण जिवंत आहे हे तुम्हाला माहीत आहे का? एवढंच कळवा.

सुगंधा


अझैबा
२ फेब्रुवारी १९९९

सफूराबाई,

तुमचं कार्ड मिळालं. "तुम्हाला चुकीचा माणूस दाखवला. आमची आपा गेली. पुन्हा लिहू नये." तीन वाक्यं, खाली सहीसुद्धा नाही.

पण कार्ड आलं म्हणजे पाकीट उघडलं गेलं. आणि तारीख बघता ते पोचलं त्याच दिवशी उघडलं गेलं. बाई, मी इतिहासाची मास्तरीण आहे, पोस्टाचे शिक्के वाचणं हा माझा धंदा आहे.

सलालाहला जायला रमण तयार नाही. म्हणतो, "त्या म्हातारीने तुझं काय घोडं मारलंय? तिला जगू दे." प्रकाशकांचा फोन आला की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते. माझ्या पुस्तकाचं नववं प्रकरण 'आपाचा मृत्यू' ह्या नावाचं आहे. सगळ्यांच्या मते तेच उत्तम उतरलंय.

मी जाणार आहे. कधी ते ठरलं नाही. कळवायचं कारण नाही, पण तुम्हाला न सांगता काही करणं मला जमेनासं झालंय.

सुगंधा


सलालाह
३० जुलै १९९९

सफूराबाई,

भेटले.

इथे सध्या खरीफचे दिवस आहेत, भुरभुर पाऊस आणि धुकं. मस्कतमध्ये अंडं फुटून रस्त्यावर शिजेल असं ऊन आणि इथे मी रमणचा स्वेटर घालून बसले आहे. दोन्हीकडे नारळाच्या बागा. टॅक्सीतून उतरले तेव्हा क्षणभर वाटलं, तुमच्याच आळीत आले. आमिनाबींनी इथे राहायचं का ठरवलं असेल ते विचारावं लागलं नाही.

दार त्यांच्या मुलाने उघडलं. महमूद, पन्नाशीचा, पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, कपाळावर आठी. बंदरावर हिंदी लोकांत काम करून त्यांची भाषा बोलायला शिकलेला. "उम्मी को तकलीफ नहीं देने का, मॅडम. किताब-विताब, खलास." मी म्हटलं, पाच मिनिटं. आतून आवाज आला, "कोण हाय रे? मराठी बोलता ती?"

तुमचे डोळे आहेत त्यांना. एकाला मोतीबिंदू आहे, दुसरा तुमच्यासारखाच माणसाला आरपार बघतो. काळा अबाया, हातात अडकित्ता. मी कोण ते सांगितलं, तुमचं नाव घेतलं. त्या सुपारी कातरत राहिल्या.

मग सांगितलं त्यांनी. तक्रारीच्या सुरात नाही, हिशेब वाचल्यासारखंही नाही, बाजारातली एखादी गोष्ट सांगावी तसं. उंटावरून खजूर आणणाऱ्या सालेमशी त्यांनी निकाह केला. तुमच्या अब्बांनी तिकडे रत्नागिरीत मुलगा ठरवून ठेवला होता. अब्बांनी दुकान आवरलं, तुम्हाला आणि आईला घेऊन गलबतात बसले. घरी जाऊन जमातीला सांगितलं, मोठी तापाने गेली. धाकटीचं लग्न व्हायला हवं होतं ना. पुढे आमिनाबींनी एका नाखव्याबरोबर निरोप धाडला, मुलगा झाला म्हणून. नाखवा अब्बांचा जबाब घेऊन परत आला: "आमची मुलगी मेली."

"ते मी समजले," आमिनाबी म्हणाल्या. "बाप होता. त्याला चार माणसांत बसायचा होता. मग इथल्या हिंदी शाळेतली एक बाई मला बोलली, तुमच्या गावच्या सफूराची गोष्ट हाय, तिची बहीण मरते त्यात, आमची पोरं रडतात. बापान मारलान ते समजले. बहिणीन परत कशाला मारलान? तिला कोणी धाक घातला होता?"

मी पिशवीचा बंद बांधत बसले. तुमच्या प्रत्येक स्वल्पविरामावर बोलू शकणारी मी.

मी उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुझ्याजवळ हाय का ती पुस्तकं? मला आता वाचता नाय येत. तेव्हाही थोडाच येत होता."

मी उद्या परत त्यांच्याकडे जाणार आहे. काय लिहू तुम्हाला? त्यांना उत्तर हवं आहे आणि ते फक्त तुमच्याकडे आहे. रत्नागिरीत फोन आहे तुमच्या घरी. महमूदचा नंबर पाठीमागे लिहिला आहे.

सुगंधा


सलालाह
९ ऑगस्ट १९९९

सफूराबाई,

फोन आला नाही. मी रोज विचारते, महमूद रोज मान हलवतो. तोही आता मला चहा देतो, म्हणजे आशा सोडलेली दिसते.

रमणला कळवलं की आणखी आठवडाभर राहते. तो म्हणाला, "राहा. इथे एसी शांत आहेत आणि मीही."

रोज दुपारी मी वाचते आणि आमिनाबी ऐकतात. ऐकताना त्यांचे हात रिकामे नसतात: खजुराच्या बिया काढतात, नारळ खवतात. पहिल्या तीन पुस्तकांत त्या इतक्या हसल्या की महमूद बाहेरून डोकावून गेला. बोकडाने अब्बांची टोपी खाल्ली तिथे म्हणाल्या, "टोपी तिनं स्वतः घातलान त्याच्या तोंडात, लिहिलान नाय ते." हे तुम्ही माझ्यापासूनही लपवलंत.

एका ठिकाणी माझी पुरती शोभा झाली. तिसऱ्या पुस्तकात तुमची आई सांदणं करते. त्यावर मी माझ्या ग्रंथात मोठ्या ऐटीत तळटीप दिली आहे, की ओमानात फणस होत नाही, सबब इथे लेखिकेची स्मृती दगा देते. ते मी मोठेपणा म्हणून आमिनाबींना सांगितलं.

"फणस कशाला?" त्या म्हणाल्या.

"सांदणं फणसाची ना? रत्नागिरीला माझ्या मैत्रिणीच्या घरी..."

"ती तुमच्या लोकांची. आमची तांदळाची, नारळाच्या दुधातली, आंबवून उकडायची. मस्कतवरून नारळ यायचे उंटावर. त्यात फुटके निघाले की आई सांदणं करायची. मी तर रस्त्यावर नजर लावून असायची, उंट ठेचाळला पायजे म्हणून."

म्हणजे दुसऱ्याच्या स्मृतीवर तळटीप लिहिणारीला शेजारच्या घरात काय शिजतं तेच माहीत नव्हतं. हसून हसून त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं.

चौथं पुस्तक त्यांनी वाचू दिलं नाही. "माझं मरण मला नको. पुढचा वाच." उद्या पाचवं सुरू करायचं. आणि मला त्याची धास्ती वाटते. तुम्हाला कळेल का ते. त्यात शबेबरातीचं प्रकरण आहे.

सुगंधा


सलालाह
११ ऑगस्ट १९९९

सफूराबाई,

हे मी लगेच लिहून काढते आहे, घरी पोचेपर्यंत माझ्याच्याने धीर धरवणार नाही.

शबेबरातीचं प्रकरण तुम्ही विसरला नसाल, तरी लिहिते. रत्नागिरीला परतल्यावर त्या रात्री आई सगळ्या गेलेल्यांच्या आवडीचं करते. आजोबांना रव्याचा हलवा, आजीला भाकरी आणि खिमा, गलबताबरोबर बुडालेल्या काकांना गुळाची खीर. अब्बा उदबत्ती लावतात, एकेकाचं नाव घेऊन त्या अन्नावर फातेहा देतात. आणि मग तुम्ही लिहिलंत: "सांदणंही केली होती, आपाची आवडती. ती मात्र आईने फातेह्याला मांडली नाहीत. पानाने झाकून शिंक्यावर ठेवली. मी मागितली तेव्हा म्हणाली, हात लावू नकोस."

आपा खरंच मेली असं मी समजत होते तेव्हा ह्यावर लिहिलं होतं, की दुःखाने आईचं भान सुटलं. निझवाहून आल्यावर तो परिच्छेद मला वेगळा दिसायला लागला. म्हटलं, काय माणसं ही. जिवंतांतून तर काढलीच, मेलेल्यांच्या पंगतीतही पान मांडलं नाही. हे मी त्या बाईला कोणत्या तोंडाने वाचून दाखवू?

म्हणून मी ते गाळलं. खिरीवरून सरळ उदबत्तीवर आणि तिथून पुढच्या पानावर.

त्या नारळ खवत होत्या. खवणीचा आवाज थांबला. "काय सोडलास तू मधी?"

"काही नाही."

"पान दोनदा वाजला. वाच."

मी वाचलं. मान खाली घालून, भरभर. संपलं तरी वर बघवेना. बाहेर महमूदची गाडी आली, दार वाजलं, तो आत येऊन उभा राहिला.

मग आमिनाबी म्हणाल्या, "परत वाच. सांदणाचा तेवढा."

परत वाचलं.

"फातेहा दिली नाय," त्या म्हणाल्या. "माझी फातेहा नाय दिली."

मी म्हटलं, "आमिनाबी, मला माफ करा, हे तुम्हाला..."

"तू गप. तुला काय समजणार. फातेहा कोणाला देतात?" मोतीबिंदूच्या डोळ्यातून पाणी चाललं होतं आणि दुसऱ्याने त्या माझ्याकडे बघत होत्या. "मेल्यांना देतात. जित्या माणसाची फातेहा कोण देईल? आणि झाकून कोणाचा ठेवतात? जो घरी यायचा असतो त्याचा."

महमूदला मराठी येत नाही. तो घाबरून विचारत होता, "शू साय्र, उम्मी? क्या हुआ?" त्या त्याला अरबीत भराभरा काहीतरी सांगत होत्या, आणि तो खाली गालिच्यावर बसला.

इकडे कोणी अन्नावर फातेहा देत नाही म्हणाल्या. सत्तावन्न वर्षांत त्यांनी उदबत्तीच्या वासातला तो हलवा पाहिलेला नाही. पण तुम्ही कुणासाठी लिहिलंत ते त्यांना एका ओळीत समजलं. अब्बांच्या डोळ्यांसमोर, जमातीच्या डोळ्यांसमोर, आम्हा सगळ्या शहाण्यांच्या डोळ्यांसमोर तुम्ही छापून ठेवलंत की आपा जिवंत आहे. कराडच्या एका मुलीने ते शंभरदा वाचलं आणि तिला फणस दिसला.

मी तुम्हाला निझवाहून जे लिहिलं, ते मागे घेते.

तुमची,
सुगंधा


अझैबा
२ नोव्हेंबर १९९९

सफूराबाई,

ऑगस्टनंतर तुमच्याकडून कार्डही नाही. पत्र मिळालं, उघडलं, की तसंच पडून आहे, मला काही कळायला मार्ग नाही. विमानं जातात, मी गच्चीवर फेऱ्या घालते. प्रकाशकांना कळवलं की नववं प्रकरण छापू नका. का, ते सांगितलं नाही. ते चिडलेत. चिडू देत. तुम्ही दोघी बोलल्याशिवाय मी त्यावर एक ओळ लिहिणार नाही, आणि बोलला नाहीत तर कधीच लिहिणार नाही. एवढं मात्र माझ्या हातात आहे.

आमिनाबींचा एक प्रश्न माझ्याकडे पडून आहे. तुमच्या आईने खरंच सांदणं झाकून ठेवली होती, की ते तुम्ही मनाने लिहिलंत? मी त्यांना सांगितलं, ह्याला दुसरा कागद नाही, दुसरा माणूस नाही. एकच साक्षीदार आहे आणि तिने माझ्याशी बोलणं टाकलंय. त्या म्हणाल्या, "आईन ठेवली असली तर आईची, सफून ठेवली असली तर सफूची. दोन्ही माझीच."

मी ठरवलं होतं, तुमच्या मिनतवाऱ्या करायच्या. इकडे या, व्हिसा रमण करून देईल, आमच्या घरी उतरा. तसं पत्र लिहायला घेतलंही होतं. तेवढ्यात काल महमूदचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं काही वाईट झालं. म्हणाला, "मॅडम, उम्मी नहीं सुनती. मैं बोला, घुटना खराब है, आँख का ऑपरेशन है. बोलती है, यल्ला, टिकट लाओ."

मग फोन त्यांनी घेतला. मी म्हटलं, "आमिनाबी, तिने दार उघडलं नाही तर? मला बंद आहे ते दार."

"नाय उघडलान तर ओटीवर बसेन. अब्बा आता नाय मला उठवायला."

"निदान तिचं उत्तर येऊ द्या."

"तिनं तिचा जबाब कवाच लिहिलान. मला कोणी वाचून दाखवला नव्हता."

महमूद सोबत येतोय. मुंबईहून गाडीने रत्नागिरी, शबेबरातीच्या आदल्या दिवशी पोचतील. हे पत्र आधी येईल की त्या, पोस्टावर माझा भरवसा नाही. मी येत नाही. माझं काम कबर शोधायचं होतं, ते झालं.

नारळ त्या इथूनच आणताहेत, त्यांच्या बागेतले. मी म्हटलं, रत्नागिरीला नारळ नेता? म्हणाल्या, वाटेत एखादा फुटेलच. तुम्ही तेवढे तांदूळ भिजत घाला, सफूराबाई, आणि ह्या वेळी झाकू नका. आपा येते आहे.

सुगंधा